आमच्या हातचं

ताईंनी नैवेद्याचं पान वाढायला घेतलं. प्रत्येकीच्या डब्यातून एकेक चमचा. कढी, कोशिंबीर, शिरा. चमचा माझ्या भरल्या वांग्यांपाशी आला आणि पुढे गेला.

“तुझ्यात लसूण असेल ना गं,” ताई म्हणाल्या. विचारलंसुद्धा नाही. ठरवून टाकलं.

सिंगापुरात टॅम्पिनीसला ताईंचा फ्लॅट. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही मराठी बायका तिथे जमतो. एकीनं पुस्तक वाचायचं, मग सगळ्यांनी आपापले डबे उघडायचे. हा माझा तिसरा रविवार. आधी दोन्ही वेळा माझा डबा भरलेलाच घरी आला. आम्ही बौद्ध, माझ्या घरात देव नाहीत. ते पान गेलं खड्ड्यात. पण ज्या डब्यातलं देवाला जात नाही, त्याला मग कुणीच हात लावत नाही. पहिल्याच दिवशी ताईंनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, मग “मूळचं आडनाव?” तेवढ्यावरून त्यांना जात कळली. वन-नॉर्थच्या ऑफिसात अख्खी टीम सांभाळते मी. इथे माझी वांगी बाटलेली.

आणि मी काय केलं? दोनदा लेकीला सांगितलं, “तिखट झालं असेल गं.” लाज वाटते सांगताना.

वाचन नुकतंच संपलं होतं. पाळी माझी होती. “तुझा आवाज जरा गावाकडचा आहे, पण खरा वाटतो,” असं कौतुक करून ताईंनीच दिलेली. नाझींच्या छळछावणीतून वाचलेल्या एका ज्यू बाईची साक्ष. ती सांगते, गाडीत कोंबलं ते फार नंतर. आधी शेजारणींनी आमच्या हातचा केक घेणं बंद केलं. आई मला म्हणायची, पोट भरलं असेल त्यांचं. छावणीत आई गेली. मी जगले. रोज उठायचं बळ कुठून आणलं विचारता? मला त्या शेजारणींच्या दारात उभं राहून हे सांगायचं होतं.

ताई रडल्या. खरंच रडल्या. “माणसं अशी कशी वागू शकतात गं!” डोळे पुसले आणि त्याच हातानं चमचा उचलला.

माझं दुःख त्या बाईएवढं नाही. तिचं कुणी उरलं नाही. माझी नऊ वर्षांची लेक धडधाकट माझ्या शेजारी बसली होती. एवढी अक्कल आहे मला. पण त्या बाईच्या आईची थाप माझ्या तोंडात तयार होती.

लेकच बोलली, तिच्या इथल्या सिंगापुरी इंग्रजीत. “नो गार्लिक, लाह! आई नेव्हर पुट. आय सॉ!”

ताई हसल्या, “अगंबाई, भारीच बोलते ही!” आणि माझ्याकडे बघितलं. पोरीला मी दटावावं म्हणून. नेहमी दटावतेच.

“खरं बोलतेय ती,” मी म्हणाले. “लसूण नाहीये. तुम्हाला आमच्या हातचं चालत नाही. मग आत्ता रडलात, ते कुणासाठी?”

“शी! कुठलं कुठे नेऊन जोडतेस!”

बाकीच्या बायका आपापल्या ताटांकडे बघत राहिल्या. ह्या माझ्या मैत्रिणी!

डबा उचलला, लेकीचा हात धरला, निघाले. बुकित बातोकला घरी जाताना एमआरटी मेट्रोत तिला सगळं सांगितलं. आमची जात. माझ्या आईला लोक अंगणाबाहेर कसं उभं करायचे ते. माझ्या दोन्ही थापा. ती रडली. मी गप्प केलं नाही. रडू दे.

मग नाक पुसत म्हणाली, “नेक्स्ट मंथ वी गोइंग ऑर नॉट?”

जाणार. दर महिन्याला जाणार. डबा भरून जाणार. खा म्हणून विनवणार नाही. का खात नाही, ते मात्र एकेकीच्या तोंडून वदवून घेणार. लेकीसमोर.