लहूकाकांचं पाचशे एक डॉलरचं पाकीट

अमेरिकेतल्या आमच्या फ्रिस्कोत राहतो आणि लहूकाका वाघमाऱ्यांनी ज्याचा सत्कार केला नाही, असा एक मराठी माणूस दाखवा, मी त्याला घरी बोलावून जेवू घालीन. काका मूळचे उमरेडचे. अठ्ठ्याण्णव साली कॉम्प्युटरच्या कामावर इथे आले, एका विमा कंपनीत वीस वर्षं काढली आणि रिटायर झाल्यापासून आमच्या आंबेडकर मंडळाचे तहहयात स्वागताध्यक्ष आहेत. त्यांना कुणी निवडलं ते मलाही ठाऊक नाही, आणि मी मंडळाची सेक्रेटरी आहे. कुणाच्या पोराला ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं, की सत्कार. कुणाला सिटिझनशिप मिळाली, की सत्कार. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं म्हणून माझाही करून टाकला. शाल, पुस्तक आणि पाकिटात अकरा डॉलर. वरचा एक शुभ म्हणून का, असं विचारलं तर म्हणतात, "शुभ-बिभ काही नाही, अकराचा आकडा चांगला दिसतो."

यंदाच्या भीमजयंतीला मात्र काकांनी हात सैल सोडला. मंडळातल्या राकेश आणि अपर्णाची मुलगी उपासना इथल्याच कॉलेजकडून लांब उडी मारते. शेवटचं वर्ष. मार्चमध्ये तिने सुवर्णपदक मिळवलं आणि काकांनी भर स्टेजवर तिच्या हातात पाचशे एक डॉलर ठेवले. उपासनाने माईकवर "थँक यू, जय भीम" एवढंच भाषण केलं. मी फोटो काढला आणि फेसबुकवर टाकला: लांब उडीतल्या सुवर्णपदकाबद्दल पाचशे एक डॉलरचं रोख बक्षीस. मराठीत लिहून गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण मला कुठली अक्कल? खाली इंग्रजीतही लिहिलं आणि कॉलेजच्या टीमला टॅग केलं.

सोमवारी सकाळीच कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसातून, म्हणजे खेळाडू नियम पाळतात की नाही हे बघणाऱ्या खात्यातून, उपासनाला फोन आला. चौकशीचा निकाल लागेपर्यंत खेळायचं नाही. आणि त्याच शनिवारी तिची घरच्या मैदानावरची शेवटची स्पर्धा होती. मंडळातल्या चौतीस जणांनी तिकिटं काढली होती. पुढची स्पर्धा दूरच्या राज्यात. आपल्या माणसांसमोर उडी मारायची ही तिची शेवटची वेळ.

आम्ही राकेशच्या किचनमध्ये जमलो. "पण यार, तिची मैत्रीण टाकोच्या दुकानाची जाहिरात करून हजारो डॉलर घेते!" राकेश चिडला होता.

"बाबा, दॅट्स अलाउड," उपासना म्हणाली. "तिने काम केलं, काँट्रॅक्ट आहे, रिपोर्ट केलंय. जिंकले म्हणून कोणी कॅश दिली तर नाही चालत."

"तू भाषण केलंस की," काका म्हणाले. "थँक यू, जय भीम. ते काम नाही का?"

सगळे हसलो. काका हसले नाहीत.

वाट राकेशनेच काढली. उपासनाचा वाढदिवस एप्रिलमध्येच असतो. काका घरच्यासारखे, तिला जन्मापासून ओळखतात. वाढदिवसाची भेट म्हणायचं, विषय संपला. फोटोखालची ओळ माझी चूक, असं मी सांगणार होते. खोटं बोलायला माझी तयारी होती, लाज वाटत नाही सांगायला. काका म्हणाले, "पोरीसाठी वाट्टेल ते म्हणतो."

बुधवारी झूमवर त्या ऑफिसातल्या मिस हॉलंड नावाच्या बाई आल्या. बोलायला गोड, हातात पेन. त्यांनी काकांना एकच प्रश्न विचारला. ही मुलगी उडी मारत नसती, तरीही तुम्ही हे पैसे दिले असते का?

'हो' म्हणायचं होतं. फक्त 'हो'. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"नो मॅडम," ते म्हणाले. "शी जम्प्ड. दॅट इज व्हाय."

राकेशने कपाळावर हात मारला. पण काका थांबले नाहीत. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत सुटले. सातवीत असताना तालुक्याच्या शर्यतीत ते पहिले आले होते. अनवाणी. बक्षीस समारंभात दुसऱ्याचं नाव वाचलं, तिसऱ्याचं वाचलं, पहिल्याचं वाचलंच नाही. पाहुण्यांना वस्तीतल्या पोराच्या हातात कप द्यायचा नव्हता. "मी पळालोच नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं," काका मराठीतच म्हणाले, आणि उपासनाने ते बाईंना इंग्रजीत सांगितलं. "आता हिने उडी मारलीच नव्हती, असं मी कसं म्हणू?"

मला रडू आलं. बाईंचं पेन थांबलं होतं.

नियम मात्र नियम. पाचशे एक डॉलर एखाद्या धर्मादाय संस्थेला द्यायचे आणि उपासनाने एक स्पर्धा बाहेर बसायचं. ती एक म्हणजे शनिवारचीच.

काका दोन दिवस कुणाचा फोन उचलेनात. शनिवारी उपासना स्वतः गाडी घेऊन त्यांच्या दारात गेली आणि त्यांना घेऊन आली. आम्ही चौतीसही गेलो, तिकिटं परत होत नव्हती. ती साध्या कपड्यांत काकांशेजारी बसली आणि अपर्णाने आणलेला चिवडा खात राहिली. लांब उडी एका उंच, लालसर केसांच्या मुलीने जिंकली. पाच मीटर एक्क्याऐंशी. उपासनाची मार्चमधली उडी सहाच्या वर होती. आमच्या रांगेत प्रत्येकाला ते माहीत होतं. काका मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत बसले होते.

"काका," उपासनाने त्यांना कोपराने ढोसलं. "वर बघा ना. तिचं नाव अनाउन्स करतायत."

काका उठून उभे राहिले. त्या अनोळखी मुलीसाठी अख्ख्या स्टेडियममध्ये सगळ्यात जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या.