पॅरेंटिंग प्लॅनची चौकशी

घणसोलीतली ती दुपार अजून माझ्या डोक्यातून जात नाय. नोकरीत मी मोठमोठे गुन्हेगार पकडले असं घरी सांगतो. घरचे ऐकून घेतात. पण खरी केस विचाराल तर ही.

शाळेचं नि माझं कधी जमलं नाय. शिपायाचा हवालदार झालो, तोही वरचे लोक रिटायर होत गेले म्हणून. त्या दिवशी गावठाणातल्या एका दुकानदाराचा फोन आला. "साहेब, लवकर या. शाळेसमोर एक माणूस पोरीला रिक्षात बसवतोय आणि एक बाई तिचा दुसरा हात ओढतेय."

किडनॅपिंग. मी सायरन लावून निघालो. गावठाणात जीप दोन घरांच्या मध्ये अडकली. उतरून पळत गेलो, तर अशी धाप लागली की "हात वर" बोलताच येईना. त्या माणसानंच मला पाण्याची बाटली दिली. पाणी पिऊन झाल्यावर मी त्याची कॉलर धरली.

"साहेब, मी बाप हाय तिचा," तो म्हणाला.

"सगळे तेच बोलतात," मी म्हणालो. आजपर्यंत असं कोणीच बोललं नव्हतं.

तिघांना स्टेशनला आणलं. आमच्या पीएसआय मॅडमनी पाच मिनिटांत सगळं विचारून घेतलं. नवरा-बायको वेगळे राहतात, फॅमिली कोर्टात पोरीच्या ताब्याची केस. नवरा गावठाणातला, जासईच्या यार्डात कंटेनरचा ट्रेलर चालवतो. बायको मूळची साताऱ्याकडची, तळोज्याला कंपनीत, राहते टॉवरमध्ये. ठरल्याप्रमाणे बापाचा वार रविवार. पण बंदरात जहाज लेट, यार्डात काम नाय, याला अचानक सुट्टी, म्हणून हा मधल्याच वारी शाळेत उगवला.

"साहेब, याच्यावर केस टाका," बाई म्हणाली. "याला वार-टाइम काय कळतच नाय."

मॅडम म्हणाल्या, "ताई, ताब्याचा आदेश अजून झालेला नाय आणि हा बाप आहे. गुन्हा कसला लावू? उद्या तुमची तारीख आहे ना? पॅरेंटिंग प्लॅन कुठाय?"

हा प्लॅन म्हणजे पोरगी कधी कुणाकडे राहणार, शाळेत कोण सोडणार, आजारपणात कोण बघणार, ते दोघांनी मिळून लिहून द्यायचं. यांचा कागद कोरा. उद्या तो दिला नाय, तर समझोता झाला नाय असं कोर्टाचा समुपदेशक लिहिणार, आणि निकाल लागेपर्यंत बापाला पोरगी भेटणार ती कोर्टातल्या खोलीत, तासाभरासाठी.

मॅडमना बंदोबस्ताला जायचं होतं. जाताना मला म्हणाल्या, "आबा, यांना टेबल द्या, चहा द्या. तुमी काय बोलू नका."

चहा दिला. पुढचं जमलं नाय.

दोघं पहिल्याच ओळीवर भांडायला लागले. मी म्हटलं, आपली विद्या कधी वापरायची? दोन आरोपी असले की वेगवेगळे बसवायचे, आणि एकाला सांगायचं की दुसरा सगळं बोलला. बाईला बाकावर ठेवली, नवऱ्याला आत घेतलं. टेबलावर हात आपटला. "तुझी बायको सगळं कबूल झाली."

"काय कबूल झाली?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. आरोपी घाबरतो, विचारत नाय. मी घाबरलो. तोंडाला आलं ते बोललो. "तू बाप म्हणून चांगला आहेस, असं बोलली."

त्यानं खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाला, "मग माझं पन लिवा. रात्री पोर तिच्याकडंच पायजे. माझ्याकडं झोपली की उठून आई आई करते. वकिलाला मी हे सांगितलं नाय."

मी उडतच बाईकडं. "तो कबूल झाला. रात्री पोरगी तुझ्याकडंच."

"तो? असं बोलला?" तिनं पदर नाकाला लावला. "मग ऐका. शाळेतून आली की रोज खिडकीत जाते. बाबाची गाडी आली का बघते. मी पण वकिलाला बोलले नाय."

केस फुटली. मी छाती काढून दोघांना समोरासमोर बसवलं. तिथंच माती खाल्ली.

नवरा हळूच म्हणाला, "तू बोललीस ना, मी बाप म्हनून चांगला हाय…"

"मी? कधी?"

दोघांनी माझ्याकडं बघितलं. पोरगी मॅडमच्या खुर्चीत गोल फिरत होती, ती थांबली. "पोलीसकाका खोटं बोलले?"

मी पंख्याकडं बघितलं. नवऱ्याचा चेहरा एवढा उतरला, की उठून जातोय असंच वाटलं. उद्याची तारीख मीच घालवली होती.

बाईनं खुर्ची त्याच्याकडं वळवली. मग त्याला म्हणाली, "मी बोलले नव्हते." थांबली. "पण खोटं नाय ते."

"मग यांना कशाला बोलायला लागतंय? तू बोल ना," तो म्हणाला.

"तू कधी ऐकायला थांबलास?"

"आता थांबलोय."

मी म्हटलं, "हां, आता कसं…"

"काका, तुमी बाहेर बसा," बाई म्हणाली. "आणि दार लावा," नवरा म्हणाला. लग्नानंतर दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं असावं.

मी माझ्याच स्टेशनात बाकावर बसलो. आत आवाज चढायचा, उतरायचा. संध्याकाळी मॅडम आल्या, दोघांनी लिहिलेला कागद वाचायला लागल्या. वार काढून टाकला होता. यार्डात सुट्टी कळली की त्यानं आदल्या दिवशी मेसेज करायचा, तिनं पोरगी द्यायची, रात्री जेवून परत. आजारी असली तर दोघांनी जायचं.

शिकायचं ते एवढंच शिकलो. आरोपींना वेगळं बसवतात ते खरं बाहेर यावं म्हणून. या दोघांना वेगळं बसवणारे आधीच खूप होते. त्यांच्यात मी एक वाढलो.

मॅडम वाचता वाचता हसायला लागल्या आणि कागद माझ्यापुढं धरला. "आबा, शेवटचं कलम वाचा."

वाचलं. दोघांच्या सह्या होत्या त्याच्याखाली. वाद झाला तर आधी एकमेकांना फोन करायचा, पोलीस स्टेशनला जायचं नाही.