रंगीत पाण्याचं गाव

वाईट वागायचं तर मनापासून वागावं, असं माझ्या मित्राचं ठाम मत होतं. हे अर्थात कॉम्प्युटरवरच्या खेळापुरतं. एरवी तो इतका सरळ की बाजारात भाजीवाल्याने चुकून जास्त माप घातलं तर परत काढायला लावायचा. पण खेळायला बसला की त्याच्या अंगात कोण शिरायचं कोण जाणे, आणि मी शेजारी बसून कुरकुरत राहायचो.

मोताळ्यात आमचं कृषी केंद्र होतं. पुढचं दुकान मोठा भाऊ बघायचा, मागच्या खोलीत माझा कॉम्प्युटर क्लास. चार मशीन आणि एक प्रिंटर. मी तेव्हा चोवीस-पंचवीसचा होतो. मित्राचं चौकात मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दुपारी माझी खोली रिकामी असायची, तेव्हा तो शटर अर्धं ओढून यायचा आणि आम्ही तो खेळ लावायचो. तलवारी, जादूगार, डोंगरातले राक्षस, आणि दर थोड्या वेळाने पडद्यावर येणारी तीन वाक्यं. त्यातलं एक निवडायचं, आणि जे निवडाल तशी गोष्ट पुढे जाणार. लोडशेडिंगचे दिवस, वीज कधी जाईल नेम नाही. म्हणून प्रत्येक निवडीआधी आम्ही खेळ सेव्ह करून ठेवायचो. चुकलं तर मागे जाता यायचं.

त्या खेळात एक गाव तापाने फणफणलेलं होतं. आपल्याजवळ औषधाची पेटी. औषध वाटा, विका, किंवा औषध स्वतःजवळ ठेवून बाटल्यांत रंगीत पाणी भरून विका. मित्राने अर्थातच रंगीत पाणी विकलं. मी त्याला शिव्या घातल्या. चार दिवसांनी फिरत फिरत आम्ही त्या गावात परत आलो, तर घरांना कुलपं. कोणी काही बोलायला नाही, भांडायला नाही. फक्त एक कुत्रं वेशीपर्यंत आमच्या मागे आलं आणि तिथेच बसलं. मित्र खुर्चीतून उठला, माठातलं पाणी प्यायला आणि म्हणाला, "लिहिणाऱ्यानं मेहनत घेतली बे."

पुढे त्या खेळाचा वाढीव भाग निघाला. एक्सपान्शन म्हणायचे त्याला. मित्राने कुठून तरी त्याची डीव्हीडी मिळवली आणि आम्ही आशेने बसलो. नकाशा दुप्पट मोठा, तलवारींना नुसती झळाळी, आणि आत सगळा पोकळ माल. वाईट माणूस व्हायचं म्हणजे काय, तर उद्धट बोलायचं. रंगीत पाणी विकायची सोय इथेही होती. ते विकून परत गेलो, तर गावचा मुखिया हात जोडून समोर आला आणि म्हणाला की आपले उपकार आम्ही विसरणार नाही. मित्राने तीनदा मागे जाऊन पाहिलं. औषध दिलं तरी तेच वाक्य, पाणी दिलं तरी तेच, आवाजही तोच.

तो भडकला. "पाप केल्यावर गाव थँक्यू म्हणते. असं कुठं असते काय बे?"

नसतं, असं मीही म्हणालो. खेळाच्या बाबतीत आमचं एकमत झालं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

हे मृगाच्या आधीचे दिवस. त्या वर्षी बीटी, म्हणजे बोंडअळीला दाद न देणाऱ्या कपाशीच्या एकाच वाणावर सगळ्यांचा जीव जडला होता, आणि नेमका तोच कमी आला. पहाटेपासून दुकानासमोर रांग लागायची. त्या काळी बीटीच्या प्रत्येक पाकिटात एक छोटी पुडी असे. तिच्यातलं बियाणं साधं, बिगर-बीटी. ते शेताच्या कडेने लावायचं, म्हणजे बोंडअळीला खायला एक जागा राहते आणि ती बीटीला लवकर सरावत नाही, असा नियम होता. आमच्याकडे तो कोणी पाळत नसे. मुद्दाम अळीला जेवण कशाला घालायचं, असं लोक म्हणायचे, काउंटरवरच पाकीट फोडायचे आणि ती पुडी आमच्याकडेच टाकून जायचे. भाऊ त्या पुड्या एका पोत्यात जमा करायचा. दोन्ही बियाण्यांना सारखाच रंग लावलेला, त्यामुळे ओळखू यायचं नाही.

एका सकाळी भाऊ माझ्या खोलीत आला आणि दार लोटून घेतलं. त्याच्या हातात त्या वाणाची रिकामी पाकिटं होती. कुठून आणली ते मी विचारलं नाही. त्याला फक्त लॉट नंबरची स्टिकरं छापून हवी होती. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं तर पुढच्या वर्षी समोरच्या दुकानात जाईल, एवढंच तो म्हणाला. मी नाही म्हणू शकलो असतो. तो काही मला मारणार नव्हता, घराबाहेर काढणार नव्हता. मी विचारलं, अक्षर केवढं पाहिजे? आजही हे आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आठ पाकिटं झाली. पोत्यातलं साधं बियाणं त्यात भरलं, वरून नियमाप्रमाणे प्रत्येकात एक छोटी पुडीही टाकली. बेइमानीतही आम्ही कायदा पाळला. पाच पाकिटं बाहेरगावचा एक माणूस घेऊन गेला. त्याचा चेहरा मला आठवत नाही, आणि कधीकधी तेच जास्त टोचतं.

उरलेली तीन घ्यायला मित्राचे वडील आले.

त्यांना मी चाचा म्हणायचो. नळगंगा नदीच्या अंगाला त्यांचं शेत होतं. कापसाची चिमूट दोन बोटांत धरून ओढायचे आणि धागा केवढा निघेल ते सांगायचे, आणि जिनिंगवाले मशीनवर मोजून बघायचे तेव्हा ते खरं निघायचं. गावात कोणाची गाडी भरली की आधी चाचांना दाखवायची, ही रीतच पडली होती. बी कोणतं घ्यावं, कापूस कधी वेचावा, कोणाचा माल ओला आहे, सगळ्यात त्यांचा शब्द चालायचा. आणि नियमाची ती छोटी पुडी शेताच्या कडेने लावणारा आमच्या ओळखीतला हा एकच शेतकरी.

भाऊ जेवायला गेला होता. काउंटरवर मी एकटा. चाचांनी पाकीट हातात घेतलं, उलटंपालटं केलं, नखाने वरची शिलाई चाचपली.

"याची शिलाई येगळी दिसून राह्यली, बेटा."

बाहेर रांगेत माणसं उभी होती. उद्या या, एवढं म्हटलं असतं तरी ते गेले असते. "नवीन माल आहे चाचा," मी म्हणालो, "यंदा असंच येतंय."

त्यांनी पुन्हा एकदा शिलाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तू म्हणतो तं तसंच असन," म्हणाले आणि तीन पाकिटं पिशवीत टाकली.

दोन दिवस मी आभाळाकडे बघत होतो. पाऊस आलेला नव्हता, त्यामुळे पाकिटं त्यांच्या घरात तशीच असणार, असा माझा हिशोब होता. तिसऱ्या दिवशी खरी तीन पाकिटं गोदामातून आली, तेव्हा ती मी शर्टाखाली लपवली आणि मोटारसायकल काढली. गुपचूप बदलून द्यायची, काहीतरी कारण सांगायचं, आणि सगळं पहिल्यासारखं. माझ्या डोक्यात ती सेव्ह करून मागे जायची सवय पक्की बसली होती. त्यांच्या शेताच्या बांधावर पोचलो, तर बाया ओळीने परत येत होत्या. चाचांनी धूळपेरणी उरकली होती. पावसाची वाट न पाहता कोरड्या मातीतच बी टोबून टाकतात, तशी. मला ते सुचायला हवं होतं, मी काही पुण्याहून आलेलो नव्हतो. चाचांनी मला पाणी दिलं. मी काहीतरी बडबडलो आणि परत फिरलो. संध्याकाळी वारा सुटला आणि रात्रभर चांगला पाऊस झाला.

कपाशी अशी उठली की बघत राहावं. ऑगस्टमध्ये चाचा मुगाच्या हिरव्या शेंगांची पिशवी घेऊन खास दुकानात आले. बी फार चांगलं निघालं, म्हणाले, तुझे उपकार झाले. भाऊ माझ्याकडे बघून हसला. शेंगा मी क्लासच्या पोरांना वाटून टाकल्या. त्या खेळातला मुखिया मला आठवला, आणि त्याचं वाक्य लिहिणाऱ्याला आम्ही उगाच नावं ठेवली असं वाटलं.

ऑक्टोबरात बोंडं पोखरली गेली. आजूबाजूची बीटीची शेतं उभी होती आणि चाचांचं शेत आतून खाल्लेलं. मी रोज सकाळी ते दुकानात येतील म्हणून धसका घेऊन बसायचो. आले ते आठवड्याने, मित्राबरोबर. मित्राचा चेहरा उतरलेला होता. आणि चाचांनी माझीच माफी मागितली.

त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की चूक त्यांचीच. कडेसाठी ते शेजाऱ्यांच्या नको असलेल्या पुड्याही मागून आणायचे, आणि पेरणीच्या वेळी बायांच्या ओटीत बी ओतताना त्यांनी ते साधं आणि बीटी अदलाबदल केलं. दुकानावर कोणी बोट ठेवायला नको, म्हणून सांगायला आले होते. मित्राला ते पटत नव्हतं. खेळात वाट चुकली की तो असाच एक एक दुवा तपासत मागे जायचा.

"अदलाबदल झाली असती, तं कडेच्या ओळीत बीटी पडलं असतं ना?" तो मला विचारत होता. "मंग अळीनं कड बी काऊन खाल्ली?"

त्याने अजून एक प्रश्न विचारला असता तर तो पोचलाच असता. मी प्रिंटरकडे बघत उभा होतो. पण चाचांनीच त्याला गप्प केलं. सगळं एका टोपल्यात ओतलं असेल, म्हणाले, आता डोळ्यांना दिसत नाही, हातालाही समजत नाही. ते गेल्यावर मी प्रिंटरवर फडकं टाकलं.

पुढच्याच आठवड्यात मित्र त्यांना बुलढाण्याला घेऊन गेला आणि चष्मा करून आणला. नंबर अगदी थोडा निघाला होता, पण घरच्यांनी आग्रह धरला. कापसाची गाडी दाखवायला लोक आले तर चाचा म्हणू लागले, मले इचारू नका. चिमूट हातात घेईनात. घरात मिठाचा डबा कुठला, साखरेचा कुठला, हेही सुनेला विचारायचे, असं मित्राने सांगितलं. खेळ आमचा बंदच पडला. तो यायचा, बसायचा आणि वडिलांबद्दल बोलायचा. मी हं हं म्हणत राहायचो. बोललो तर भावाचा परवाना जाणार आणि हा मित्र जाणार, एवढं मला स्वच्छ कळत होतं. माझ्यासमोर एका माणसाची नजर जात होती आणि ती मी घेतली होती, हेही कळत होतं.

दुसऱ्या वर्षी मे संपता संपता चाचा एकटेच दुकानात आले. भाऊ तालुक्याच्या मीटिंगला गेलेला. त्यांनी चष्मा सारखा केला, मी काढून दिलेलं पाकीट हातात घेतलं आणि न बघताच माझ्याकडे परत सरकवलं.

"तूच वाच, बेटा. माझ्या डोळ्याचा भरोसा नाई राह्यला."

मी पाकीट घेतलं. लॉट नंबर वाचायला तोंड उघडलं. मग जे आलं ते सगळं एकदम आलं. पोतं, रिकामी पाकिटं, प्रिंटर, माझी स्टिकरं. शर्टाखाली लपवून शेतावर नेलेली तीन पाकिटंसुद्धा सांगितली, जणू त्याने माझा गुन्हा कमी होणार होता.

चाचा ऐकत होते. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनीच हाताने थांबायची खूण केली. माझं संपल्यावर त्यांनी दोन्ही हात काउंटरवर टेकले.

"म्हणजे शिलाई येगळीच होती."

"हो."

"मले बरोबर दिसलं होतं."

"बरोबर दिसलं होतं, चाचा."

त्यांनी चष्मा काढला, घडी केली आणि काउंटरवर ठेवला. माझ्या हातातलं पाकीट घेऊन दाराशी उजेडात गेले. हात लांब करून धरलं, नखाने शिलाई चाचपली आणि लॉट नंबर एक एक आकडा मोठ्याने वाचला. न अडखळता. मग परत आले आणि पाकीट माझ्यासमोर ठेवलं.

"हे असली हाय," म्हणाले. "पण तुमच्या दुकानातून नाई नेत."

ते समोरच्या दुकानाच्या पायऱ्या चढून गेले. चष्मा माझ्या काउंटरवरच राहिला, आणि तो न्यायला त्यांच्या घरून कधी कोणी, मित्रसुद्धा, आलं नाही.