शेवटच्या गाडीआधीचं नाटक

पहिल्यांदा मी नाटकाला गेले ती केवळ पाय दुखत होते म्हणून. निलंग्यात माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, रिळं, हुकांची पाकिटं, असा सगळा बारीकसारीक माल. त्याच्या खरेदीला अधूनमधून लातूरला जावं लागतं. त्या दिवशी कापडाच्या दुकानांतून फिरून पायांचे तुकडे पडले होते, गाडीला वेळ होता, आणि नाट्यगृहाबाहेर हौशी नाटकांच्या स्पर्धेचा फलक लागला होता. तिकीट अगदी स्वस्त होतं. डोक्यावर पंखा आणि बुडाखाली गादीची खुर्ची मिळेल, एवढ्याच विचारानं मी पिशव्या घेऊन आत शिरले.

रंगमंचावर एक माणूस बनियनवर बसून बायकोशी भांडत होता, आणि बायको त्याला म्हणाली, "कामून वरडायलाव?" मी सावरून बसले. ही तर आमच्या गल्लीतली भाषा. टीव्हीवरच्या बायका झोपतानाही दागिने घालून असतात आणि पुण्याचं बोलतात, त्यामुळे असं काही समोर चालू शकतं हे मला माहीतच नव्हतं. शिवाय तेवढा वेळ मला कुणी काही मागत नव्हतं. दुकानात दिवसभर "अक्का, ह्याच्यापरीस जरा डार्क दाखवा" आणि घरी गेल्यावर "चहा ठेव". इथं अंधारात मी कुणाचीच कुणी नव्हते, आणि मला ते फार आवडलं. मग मी मालाचे दिवस स्पर्धेच्या तारखा बघून ठरवायला लागले.

एकट्या बाईनं हौशी नाटकाला जाण्यात एक अडचण असते. ही नाटकं बघायला नटांची घरचीच माणसं येतात. आई, मावशी, ऑफिसातले चौघे, गल्लीतली पोरं. त्यामुळे शेजारची बाई बसल्या बसल्या विचारणारच, "तुमचं कोण हाय नाटकात?" कुणी नाही म्हटलं की ती माझ्याकडं संशयानं बघते. एकदा नांदेडच्या संघाचं नाटक होतं. त्यांच्यातल्या कुणाला तरी वाटलं की, ही एकटीच बसलीय, मांडीवर पिशवी धरून सारखी कागदावर काहीतरी खुणा करतेय, म्हणजे ही परीक्षक असणार. लगेच चहा आला, बिस्किटं आली. मी चहा घेतला. कागदावर मी कोणत्या रंगाचं अस्तर राहिलं ते बघत होते, हे मी कशाला सांगू?

पण खरी अडचण वेगळीच होती. निलंग्याची शेवटची गाडी. वेळेवर सुरू झालं तर कुठलंही नाटक बघून ती गाडी आरामात मिळते. पण वेळेवर सुरू होईल ते आमच्याकडचं नाटक कसलं! आधी पाहुण्यांची वाट बघायची, मग दिवा लावायचा, मग शाली आणि नारळ. त्यामुळे नाटकात भांडण चांगलं पेटलं, आता काहीतरी होणार असं वाटलं, की माझी उठायची वेळ व्हायची. मी मागच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची धरायचे आणि वाकून बाहेर पडायचे. कित्येक वर्षं मी नाटकं बघत होते आणि एकाचाही शेवट मला माहीत नव्हता.

हे मी घरी बोलले नव्हते. आमच्या ह्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायच्या, की झालं. नाटकबिटक त्यांना रिकामा उद्योग वाटतो. मी जाते त्याला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही, पण पहिल्या वेळी "पैसे देऊन रडायला जाती व्हय?" असं मात्र म्हणाले होते. तरी रात्री गाडी येते तेव्हा ते स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभे असतात. पिशव्या पुढं टाकीवर घेतात, मी मागं बसते, आणि स्टँडचं गेट ओलांडलं की विचारतात, "हं, काय होतं आज?"

मग मी सांगते. आमचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि ते गाडी अशी चालवतात की पायी चालणारा पुढं जावा. गोष्ट भांडणापर्यंत आली की ते म्हणतात, "मंग? फुडं?" आता पुढचं मला माहीत नाही असं सांगितलं असतं, तर अर्धं बघायला कशाला जातेस, हा प्रश्न आलाच असता, आणि त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून मी बसमध्ये वाटेतलं औसा येईपर्यंत शेवट तयार करून ठेवायचे. एका नाटकात सावकाराचा खून झाला होता, तो मी डॉक्टरच्या गळ्यात घातला. हे लगेच म्हणाले, "मला पैल्यापासनंच डॉक्टरचा डाऊट होता." रुसलेली पोर माझ्या शेवटात घरी परतायची, भाऊ भावाला मिठी मारायचा, सासू सुनेच्या हातचा चहा प्यायची. ऐकणाऱ्याला निवांत झोप लागावी असे ते शेवट होते.

गेल्या हिवाळ्यात उदगीरच्या एका संघाचं नाटक होतं. त्या दिवशी पाहुणे उशिरा आले. पाहुण्यांचा सत्कार झाला. मग ज्यांनी मंचावरच्या खुर्च्या दिल्या त्यांचा, त्यांच्या मोठ्या भावाचा, आणि गावाला गेलेल्या एका साहेबांच्या वतीनं त्यांच्या मेव्हण्याचा. मग पाहुणे माइकवर आले आणि म्हणाले, "मी आपला जास्त वेळ घेणार नाही." हे वाक्य ऐकलं की मी घड्याळ बघते. ते त्यांच्या शाळेपासून सुरू झाले. नववीत त्यांनी एका नाटकात शिपायाचं काम केलं होतं, ते काम त्यांनी सगळं सांगितलं. पडद्याखालून आत उभ्या असलेल्या नटांचे पाय दिसत होते, ते कंटाळून हलत होते.

माझं डोकं सणकलं. आज उठेन तेव्हा नाटकाचा अर्धा भागसुद्धा झालेला नसेल, आणि बसमध्ये बसून मला अर्ध्याहून जास्त नाटक रचावं लागेल, हे मला दिसत होतं. कधी उभी राहिले ते मलाच कळलं नाही.

"ओ दादा," मी म्हणाले, "नाटक कदी सुरू व्हायलंय? आमाला गाडी हाय."

सगळं सभागृह वळून मागं बघायला लागलं. दुकानात गिऱ्हाइकाशी मी कितीही मोठ्यानं बोलते, पण चारशे खुर्च्यांत एकटीनं तोंड उघडायची ही पहिलीच वेळ. बसून घ्यावं की पिशव्या उचलून पळावं, ते ठरत नव्हतं. तेवढ्यात कोपऱ्यातून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "अक्का बराबर बोलायल्या. आमाला बी देवणीला जायचंय." मग कुणीतरी टाळी वाजवली, मग पुष्कळांनी वाजवल्या. पाहुणे माणूस चांगला निघाला. हसला, "जय हिंद, जय महाराष्ट्र" म्हणाला आणि खाली उतरला.

पडदा उघडला. नाटक छोटंसं होतं, एका आत्याचं. आत्या जन्मभर भावाच्या घरात राबलेली, लग्न न झालेली. आता पुतण्यांच्या वाटण्या चालल्यात, आणि भांडी, कपाट, फ्रिज सगळं वाटून झाल्यावर प्रश्न आलाय की आत्या कुणाकडं. भांडण पेटलं. मी सवयीनं पिशवीचे बंद धरले आणि घड्याळ बघितलं. अजून वेळ होता. मी बंद सोडून दिले. मनात माझा शेवट तयारही होता. धाकटा पुतण्या पुढं येईल, आत्याचे पाय धरेल, म्हणेल आत्या माझी.

धाकटा पुढं आलाच नाही. आत्या आतून एक बॅग घेऊन आली आणि म्हणाली, मी बसस्टँडमागं एक खोली घेतलीय भाड्यानं. कुणी रडलं नाही, कुणी अडवलंही नाही. शेवटच्या प्रवेशात ती खोली होती. एक खाट, एक स्टोव्ह. आत्यानं स्वतःपुरते पोहे केले, खाटेवर मांडी घालून बसली आणि खायला लागली. कुणाला वाढायचं नाही, मध्ये उठायचं नाही. सावकाश, चवीनं, शेवटचा शेंगदाणा शोधून खाल्ला तिनं. ताटली बाजूला ठेवून हसली. पडदा पडला.

मी टाळ्या वाजवायचं विसरले. मग पळत सुटले. कंडक्टरनं घंटी मारलेली होती, पण त्यानं मला बघून गाडी थांबवली. औसा कधी गेलं मला कळलं नाही. रचायला काही नव्हतं.

स्टँडच्या गेटबाहेर हे म्हणाले, "हं, काय होतं आज?" मी सांगत गेले. वाटण्यांपर्यंत ते मजेत होते, मधे मधे "आमच्या चुलत्याच्यात बी असंच झालतं" म्हणत होते. भांडण आलं तसं म्हणाले, "मंग? धाकट्यानं नेली आसंल."

खोटं सांगणं अगदी सोपं होतं. हो म्हटलं असतं की घर आलं असतं.

"न्हाई," मी म्हणाले. "एकटी निघून गेली. खोली घेतली. पोहे करून खाल्ले."

"एकटीनंच?"

"हाव."

"आन रडली न्हाई?"

"खूश होती."

घराच्या दारात त्यांनी गाडी थांबवली, बंद केली, पण उतरले नाहीत. पाठमोरेच म्हणाले, "फुडच्या टायमाला मी बी येऊ का नाटकाला?"

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याबरोबर कुठं येऊ का म्हणून विचारलं नव्हतं. न्यायचं असेल तर "चल" म्हणायचे. हो अगदी ओठांवर आलं होतं. आणि त्याच वेळी डोळ्यांपुढं आलं की नाटकात मी त्यांच्या शेजारी बसलेय, त्यांना डुलकी लागलीय, आणि मी नाटक सोडून त्यांच्याकडं बघतेय.

"नको," मी म्हणाले. "मला एकटीलाच जाऊ द्या."

कारण मी दिलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. ते उतरले, टाकीवरच्या पिशव्या काढून दोन्ही हातांत घेतल्या. पायरीवर चढता चढता म्हणाले, "मंग नाटक संपल्याबिगर उठत जाऊ नको. गाडी हुकली तर औशापतूर कशानं बी ये. मी येतो न्यायला."