सैल पट्ट्याचं गाणं

माझ्या मुलीच्या बारशाला, भरल्या घरात, मला गायची बंदी झाली.

पाळणा म्हणायचं काम खरं तर बायकांचं. पण विद्यानगरच्या आमच्या घरात जमलेल्या मावश्या-काकूंना पहिल्या दोन ओळींपुढे काही येईना. त्या शेजारच्या तेलुगू बायकांकडे बघून नुसत्या हसायला लागल्या. मला सगळा पाळणा पाठ. मग मी घुसलो. सगळ्याजणी भाबडेपणाने माझ्या मागे गाऊ लागल्या, आणि तिसऱ्या कडव्याला तो अख्खा घोळका विहिरीच्या पायऱ्या उतरावा तसा खाली खाली गेला. शेवटच्या ओळीला नुसती घरघर उरली. बाळाने टाहो फोडला.

सासूबाई पुण्याच्या, लेकीच्या बाळंतपणाला आल्या त्या पुढे आमच्याकडेच राहिल्या. उभा जन्म गाण्याच्या शिकवण्या केलेल्या. बाळाला उचलून घेत त्या म्हणाल्या, "जावईबापू, राग मानू नका. पण पोरीचा कान आत्ता घडतोय. या वयात जे कानावर पडेल ते बसेल. चांगली बोलायला-चालायला लागेपर्यंत तुम्ही हिच्यासमोर गायचं नाही."

"आई, मग हिला झोपवू कसं?"

"थोपटा. थोपटायला सूर लागत नाही."

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "अहो, पोरीचं भलंच होतंय ना? नका गाऊ."

हे असलं मला नवं नव्हतं. काचीगुड्याच्या शाळेत बाईंनी प्रार्थनेला मला शेवटच्या रांगेत उभं केलं होतं आणि सांगितलं होतं, "तू फक्त ओठ हलव." गल्लीच्या गणपतीत माझ्या हातात झांज दिली, तोंड बंद राहील म्हणून. मी झांजही वाजवली आणि तोंडही उघडलं. कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात मला माईकच्या वायरी गुंडाळायला ठेवलं. मी वायरी गुंडाळता गुंडाळता गायलो, तर त्यांनी वायरीही काढून घेतल्या. लोक दुसऱ्यांदा बोलावत नाहीत हे कळायचं, पण म्हणून पहिल्यांदा मिळालेली संधी कोण सोडतो?

पण हे प्रकरण वेगळं होतं. इथे माझी मुलगी होती. मला येत होतं नव्हतं ते सगळं मी तिला देणार होतो, आणि गाण्यावाचून माझ्याकडे होतं काय? मी ठरवलं, गायचं. सासूबाई दुपारी आडव्या झाल्या की मी बाळाला घेऊन गच्चीवर जायचो आणि अंगाई लावायचो. बाळ टक लावून माझ्या ओठांकडे बघायचं. चौथ्या कडव्यापर्यंत झोपायचं. इतका समजूतदार श्रोता मला आजवर भेटला नव्हता.

सासूबाईंना संशय आला असावा. त्यांनी पुण्याहून विजेवर चालणारी तानपुऱ्याची पेटी मागवली. सकाळ-संध्याकाळ ती पाळण्याशेजारी घुमायची. घरात अशी दोन सरकारं चालू होती, एक उघड आणि एक गच्चीवरचं.

ते दिवस म्हणजे बाजार नुसता उघडला होता. रोज नवा चॅनेल, नवा साबण, नवी स्कीम. अंबरपेठेतल्या एका दुकानावर पाटी लागली: जुना टेप द्या, नवा घ्या. आमच्याकडे वडिलांनी दुबईहून परतलेल्या शेजाऱ्याकडून घेतलेला, रेडिओ आणि टेप एकत्र असलेला टू-इन-वन होता. मी शाळेतही जात नव्हतो तेव्हापासूनचा. वडिलांचा नियम असा की मशीन तापतं, म्हणून एका वेळी एकच गाणं, मग विश्रांती. घरात मराठी कॅसेट एकच, अंगाया आणि भावगीतांची. त्या एका कॅसेटवर मी वाढलो. सगळं गाणं मी तिथूनच शिकलो.

जुना टेप देऊन नवा आणला. कॅसेट घातली, आणि बघतो तर काय, गाणं वर चढत होतं! दुसऱ्या कडव्याला जिथे गाणाऱ्या बाईंनी अलगद खाली यायचं, तिथे त्या ताठ उभ्या. मी कॅसेट घेऊन तडक दुकानात.

"क्या मियाँ, खराब माल दे दिये. गाना ऊपर कू जा रा!"

दुकानदाराने दुसऱ्या सेटवर लावलं. तेच. तिसऱ्यावर लावलं. तेच. मी म्हणालो, सगळाच लॉट खराब आहे. त्याने मग माझाच जुना टू-इन-वन काढला आणि त्यावर लावलं. दुसऱ्या कडव्याला बाई सुरेख खाली उतरल्या. "हे बघा!" मी ओरडलो. त्याने मागचं झाकण उघडलं. आतला रबरी पट्टा जुन्या पायजम्याच्या नाडीसारखा लोंबत होता. मशीन तापलं की तो सैल पडायचा, कॅसेट हळू फिरायची, आणि गाणं घसरायचं.

"साब," तो म्हणाला, "गाना अपनी जगा पे हैच. तुमारा कान नीचे उतर गया."

स्कूटरवरून घरी येताना मी हवेत होतो. म्हणजे मी बेसूर नव्हतोच! मी तंतोतंत होतो. शाळेतल्या बाई, गल्लीचा गणपती, ऑर्केस्ट्रावाले, सगळ्यांवर दावा ठोकावासा वाटला. दारातूनच सांगितलं, "आई, माझा कान एकदम पक्का आहे! जे पाच वर्षांचा असताना ऐकलं ते हुबेहूब गातोय!"

सासूबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. पेटी लावली. "गा."

मी गायलो. आता कारण माहीत होतं, पट्टा डोळ्यांनी पाहिला होता. तरी दुसऱ्या कडव्याला मी उतरलोच.

"बघा," त्या म्हणाल्या. "लहानपणी बसलेलं असं बसतं. मी दुसरं काय सांगत होते?"

माझाच पुरावा माझ्यावर उलटला. बायको पदरात तोंड लपवून हसत होती. त्या दिवशी मात्र मी हट्टाला पेटलो. म्हटलं, ठीक आहे, मग बसू दे. तिच्या बापाचा सूर तिच्यात बसला तर बिघडलं काय? दुपारी मी बाळाला घेतलं आणि गच्चीवर न जाता पेटीच्या समोर बसून गायलो, मोठ्याने. सासूबाई रागाने आतल्या खोलीत गेल्या आणि पुढचे कितीतरी महिने माझ्याशी कामापुरतं बोलल्या.

मुलगी बोलू लागली. कामवालीशी तेलुगू, रिक्षावाल्याशी "नक्को" आणि "हौ", आमच्याशी मराठी, आणि कुठलीच भाषा दुसरीत सांडत नव्हती. एका संध्याकाळी आजीच्या मांडीवर बसून ती पेटीबरोबर तीच अंगाई म्हणत होती. शेवटपर्यंत जागेवरच. सासूबाईंचा चेहरा फुलला. मी दारात उभा राहिलो आणि गप्प बसवेना, म्हणून सूर मिळवला. दुसऱ्या कडव्याला मी घसरलो, आणि पोर माझ्याबरोबर घसरली. पायरीला पायरी लावून, जराही न चुकता.

सासूबाई तिला सावरायला वरच्या सुरात गाऊ लागल्या. पोरीने त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"आजी, असं नाही. बाबांबरोबर खाली यायचं."

 सासूबाईंनी हात लांब करून पेटी बंद केली. "चला, जावईबापू," त्या म्हणाल्या, "पहिल्यापासून. कुठे उतरायचं ते मला सांगा."