शनिवारी न मिळालेली पोच

देव आपले ऐकतो की नाही, अशी शंका मला सत्तरीनंतर येऊ लागली. कारण त्याच्या दारची, ज्यू प्रार्थनामंदिराची समितीसुद्धा माझ्या पत्रांना उत्तर देत नव्हती. माझे वडील मुंबईच्या गोदीत कामाला होते. मी चार वर्षांचा असताना ते वारले आणि आई मला घेऊन पूर्णेला, रेल्वेत असलेल्या मामांकडे आली. साऱ्या परभणी जिल्ह्यात बेने इस्राएलांचे, म्हणजे मराठी ज्यूंचे, घर आमचे एकच. मृतासाठी म्हणायची प्रार्थना, कद्दिश, दहा पुरुष जमल्याशिवाय म्हणता येत नाही; म्हणून वडिलांसाठी तो मी कधीच म्हटला नव्हता. डोळे मिटण्यापूर्वी त्यांची कबर पाहावी आणि तेथे तो म्हणावा, एवढीच माझी मागणी होती. अकरा नोंदणीकृत पत्रे पाठवूनही उत्तर आले नाही, तेव्हा बारावे घेऊन मी स्वतःच गोदीजवळच्या त्या प्रार्थनामंदिरात, सिनेगॉगात, जाऊन उभा राहिलो.

दारात पांढरी टोपी घातलेले वृद्ध सेवेकरी होते. मी पत्र पुढे केले. "पोच द्या."

"आज शब्बाथ, दादा. आज लेखणी धरत नाही."

"मी परभणीहून आलोय, उगं नाही आलो! हे कोणत्या नियमात बसतं?"

"सगळ्यात जुन्या," ते हसले. "भांडण संध्याकाळी करू. आत नऊ जण खोळंबलेत. दहावे व्हाल का?"

मी शरमलो. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना कोकणात शनवार तेली म्हणत, त्यांचा मी नातू. आणि एकटे राहता राहता शनिवारचा हा विसावा, शब्बाथ, विसरलो होतो.

आतला एक गृहस्थ आईच्या कद्दिशासाठी आला होता. दहावा न मिळाल्याने दोन शनिवार तसाच परतला होता. माझा हात धरून तो म्हणाला, "तुम्हाला एलियाहू हान्नबीनंच धाडलं." अडलेल्याच्या मदतीला धावणारा तो आमचा प्रेषित, आणि मी तर तक्रार करायला आलो होतो! सेवेकऱ्यांनी माझ्यापुढे देवनागरीत छापलेले पुस्तक धरले, आणि त्या गृहस्थाबरोबर मीही वडिलांसाठी कद्दिश म्हणायला उभा राहिलो.

रविवारी कबरस्तानात गेलो. खाऱ्या वाऱ्याने जुन्या दगडांवरची अक्षरे पुसली होती. वडिलांची कबर सापडली नाही. मला राग आला नाही, याचे माझे मलाच नवल वाटले. कद्दिशात मरणाचे नावही नाही, गाऱ्हाणे तर नाहीच. आहे ती परमेश्वराची थोरवी, आणि शेवटी सर्वांसाठी शांती. आयुष्यभर मागण्या लिहिणाऱ्या माझ्या तोंडून त्याने स्वतःपुरते काहीही न मागणारे ते शब्द वदवून घेतले. त्याचे उपकार मानतो.