लाडकीमावशीच्या चौरंगावर खून

पोथी ऐकून माणसं शहाणी होतात यावर माझा विश्वास नाही. होत असती तर आपला देश कुठल्या कुठे गेला असता. पण एका पोथीच्या जोरावर एक बाई आळीत ताठ मानेने जगत होती, हे मात्र मी पाहिलं आहे. त्याच बाईने ती पोथी पणाला लावली आणि तीही एका खुनासाठी.

पासष्ट सालची गोष्ट. बोईसरच्या बाजूला वीजकेंद्राचं काम निघालं होतं आणि स्टेशनवर हिंदी ऐकू यायला लागली होती. मी बी.ए. होऊन तारापूरच्या शाळेत लागले होते आणि खाडीकाठच्या मांगेलआळीला, म्हणजे मासेमारांच्या वस्तीला, लागून खोली घेतली होती. खोलीला सुक्या बोंबलांचा वास येतो असं माझ्या आईचं म्हणणं होतं. येत होताच. पण चार दिवसांनी तो मला येईनासा झाला आणि आईने माझ्याकडे येणंच सोडलं, त्यामुळे सोय झाली.

लाडकीमावशी माझ्या शेजारच्या घरात राहायची. पन्नाशीची, काटक, आवाज असा की भरतीच्या वाऱ्यातही पलीकडच्या काठाला ऐकू जावा. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, होडी दिराकडे गेलेली. पालघरच्या बाजारात सुकी मासळी विकून पोट भरायची. एरवी अशा बाईला आळीत कोण विचारतं? पण आळीची पोथी तिच्या सासऱ्याच्या वेळेपासून तिच्या घरात होती. त्यामुळे लग्नाची पहिली अक्षत तिच्या दारी यायची, मोसमातल्या पहिल्या मासळीचा वाटा यायचा आणि श्रावणभर सगळी आळी तिच्या पडवीत बसायची. पोथी गेली असती तर लाडकीमावशी म्हणजे कडेच्या घरातली एक म्हातारी, एवढंच उरलं असतं. हे तिलाही कळत होतं.

पोथी कुठली ते सांगत नाही. भाविक मंडळी अंगावर येतात. दरसालचे वाचक दामूतात्या त्या वर्षी दम्याने बसल्या जागी घरघरायला लागले, म्हणून वाचन माझ्याकडे आलं. माझा देवावरचा विश्वास बेताचा, पण आवाज चांगला. आळीला आवाज हवा होता.

नियम कडक होते आणि ते पाळून घ्यायला पुंडलिक होता, लाडकीमावशीचा चुलतदीर. होडीचा तांडेल. समुद्रावर त्याचा शब्द शेवटचा, त्यामुळे जमिनीवरही तसाच असणार अशी त्याची समजूत. अध्याय सुरू झाला की तो संपेपर्यंत कोणी उठायचं नाही, चौरंग हलवायचा नाही. पोथी डोक्यावर घेतली की चौरंगावर टेकवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. एकदा पुंडलिकच्या बायकोचा, जमनाचा, भात चुलीवर करपत होता. वास पडवीपर्यंत आला. पण पुंडलिकने तिला उठू दिलं नाही. मग सगळ्या घराने करपलेला भात खाल्ला, त्यानेही. एवढं मान्य करायला हवं.

श्रावण संपला, समाप्ती झाली. द्रोणातला शिरा खात बायका बसल्या होत्या तेव्हा लाडकीमावशीने विचारलं, "काय गो, महिनाभर ऐकलंत. काय मिळालं?"

"मला झोप बरी लागली," तानी म्हणाली. तानी लाडकीमावशीबरोबर बाजार करायची आणि खोटं बोलायचा तिला कंटाळा होता.

"तुला काय मिळालं, वयनी?" जमनाने विचारलं.

"राग," लाडकीमावशी म्हणाली. "तो पोथीतला राजा दरसाल त्या भिकारणीला हाकलतो, दरसाल राज्य घालवतो, दरसाल रडतो. तीस वर्सं मी त्याला बघते हाय. सुधारत नाय मेला." मग माझ्याकडे वळली. "बाई, तुज्याकडं पुस्तकं असतात ना? शेवट मला ठाऊक नाय असं कायतरी वाच."

मी पालघरच्या वाचनालयातून तीन पुस्तकं आणली. पुस्तक निवडायची मावशीची रीत मासळी निवडायची होती. तोंडाकडे बघायचंच नाही, कल्ले उघडायचे. "मदनं कुठनं तरी वाच," म्हणायची. पहिलं आरोग्यावर होतं. त्यात माशा कशा पसरतात ते होतं. "माशा मी रोज बघते. दुसरं काढ." दुसरी सामाजिक कादंबरी, तेव्हा फार गाजलेली. नायक चार पानं चंद्राकडे बघत होता.

"ह्याला काय काम नाय?" तानीने विचारलं.

"श्रीमंत आहे," मी म्हटलं.

"मग चंद्रालाच का छळतो?"

तिसरी रहस्यकथा. मला स्वतःला ती मनापासून हवी होती, पण मास्तरणीने तसं म्हणायचं नसतं, म्हणून तळाशी ठेवली होती. पहिल्या काही पानांमधलं एक उघडलं. बंद खोलीत एक वकील मरून पडला होता आणि किल्ली आतल्या बाजूला होती.

"मग मारणारा गेला कुठनं?" लाडकीमावशीने विचारलं.

"ते शेवटी कळेल."

"हेच," ती म्हणाली.

गणपती पाण्यात गेल्यावर वाचन सुरू झालं. बायकांना ऐकायची एकच रीत ठाऊक होती, तीच त्यांनी चालवली. पुस्तक लाल फडक्यात आलं, चौरंगावर पोथीशेजारी बसलं, त्याला हळदकुंकू लागलं. वकील मेला तसं तानीने जाहीर केलं, "आता धा दिस पुढं वाचायचं नाय. सुतक हाय."

"तो तुजा कोण लागतो?" लाडकीमावशी.

"पोथीत मेला म्हंजे घरचाच की!"

"वकील कोणाचा घरचा नसतो. पाय धुवून या, सुतक फिटलं."

तिसऱ्या प्रकरणात वकिलाच्या पुतणीचं लग्न लागलं. माझ्या केसांत अक्षता पडल्या आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यासमोर एकेक गळत राहिल्या. मला मजा येत होती. पोथीच्या वेळी मी इतकं चांगलं वाचलं नव्हतं, हे कबूल.

पुंडलिक तेव्हा समुद्रावर होता. उधाणाच्या पाण्यात जाळी चालतात, अष्टमीच्या सुमाराला, भांगाला, पाण्याची ओढ मरते आणि पुरुष घरी येतात. तसा तो आला आणि त्याला कळलं. सकाळीच दारात उभा.

"वयनी, पोथीच्या चौरंगावर खून चाललेत म्हणं?"

"खून नाय. एकच झालाय अजून."

"पोथी बाटवलीत तुमी! आज सांजेला मी ती माज्या घरी नेतो. चौरंग मांडून ठेवलाय."

लाडकीमावशीने दिवसभर वाळवण नको तितकं उलटं-सुलटं केलं. दुपारी मी म्हटलं, "मावशी, पुस्तक राहू दे. माफी मागा आणि पोथी ठेवून घ्या."

"मागितली असती," ती म्हणाली. "पण मग मला त्या वकिलाचं कळणार नाय. आणि पुढल्या श्रावणात परत तो राजा." मासळी उलटत हळू म्हणाली, "पोथी गेली तर माज्या दारात कोण येईल गो?" मग टोपली उचलून आत निघाली. "आज जरा लवकर चालू कर," म्हणाली.

संध्याकाळी पुंडलिक अंघोळ करून, धुतलेलं नेसून आला. मी वाचत होते. तो थेट चौरंगाकडे गेला.

"अध्याय चालू हाय, भावजी," लाडकीमावशी म्हणाली. "बसा."

"हा कसला अध्याय?"

"बाई, वर काय लिवलंय?"

"प्रकरण सातवं," मी म्हटलं.

"नंबर हाय म्हंजे अध्याय. बसा. का तुमचा नेम जमनाच्या भातापुरताच?"

जमना पदराआड हसली. पुंडलिक बसला, पण आमच्याकडे पाठ करून. मी वाचत गेले. वकिलाच्या घरात एक म्हातारा नोकर होता. खुनाच्या दिवशी तो गावाला गेल्याचं सगळे सांगत होते. पोलीस त्याची पेटी उघडतात. पुंडलिकची पाठ हळूहळू वळली, मग खांदा दिसला, मग नाक. पेटीत त्या खोलीची दुसरी किल्ली निघते आणि इतक्यात दारावर थाप पडते. प्रकरण संपलं. असले लेखक दर प्रकरणाच्या शेवटी दार वाजवतात. दुसरं त्यांना येत नाही, पण तेवढं पुरतं.

पुंडलिक उठला. पोथीला नमस्कार केला, ती उचलून डोक्यावर घेतली आणि निघाला. पडवीत कोणी हाललं नाही. लाडकीमावशीने पोथीकडे पाहिलंही नाही.

"बाई," ती म्हणाली, "वाच पुढं."

"प्रकरण आठवं," मी सुरुवात केली. "दारात तो नोकर उभा होता..."

पुंडलिक पडवीच्या पायरीवर थांबला. डोक्यावर पोथी, त्यामुळे बोलायची सोय नाही. खाली ठेवायची सोय नाही. स्वतःच्या घरी जाऊन ठेवून परत यावं, तर आठवं प्रकरण हातचं जाणार. त्याने मान मागे वळवली तसा त्याचा चेहरा मला दिसला. इतका मोठा तांडेल, पण भर खाडीत वल्हं सुटल्यासारखा दिसत होता. मी वाचत राहिले. नोकर म्हणत होता, "ही किल्ली मला मालकांनीच दिली होती."

पुंडलिक वळला. आला, पोथी चौरंगावर टेकवली आणि टेकवता क्षणी ओरडला, "खोटं बोलतो! मालक कशाला देईल?"

"अध्यायाच्या मदी बोलू नये, भावजी," लाडकीमावशी म्हणाली. "बसा."

या खेपेला तो आमच्याकडे तोंड करून बसला. वाचन संपल्यावर पोथीकडे बघत म्हणाला, "उद्या नेतो."

दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला. जाळी टाकायला जायचे दिवस आले तेव्हा मला बजावून गेला की तो परत येईपर्यंत एक ओळ पुढे वाचायची नाही. बायकांनी त्याला हो म्हटलं आणि त्याच संध्याकाळी दोन प्रकरणं ऐकली. भांगाला तो आल्यावर पुन्हा तीच ऐकली आणि दारावर थाप पडताच सगळ्या नव्याने दचकल्या. जमना तर किंचाळली. ती किंचाळी मला आजही पुंडलिकच्या सगळ्या नियमांपेक्षा धार्मिक वाटते.

पुस्तक संपलं. खून पुतणीने केला होता. लग्नाच्या अक्षता फुकट गेल्या म्हणून तानी फार चिडली. समाप्तीला शिरा झाला.

"काय गो," लाडकीमावशीने विचारलं, "काय मिळालं?"

"ह्या खेपेला झोप आली नाय," तानी म्हणाली.

पुंडलिक द्रोण ठेवून उठला. "आता संपलं ना? मग पोथी नेतो."

"न्या की," लाडकीमावशी म्हणाली. "बाई, तू पालघरनं नवीन आणलंयस ना? मदनं जरा वाच बघू."

मी पुस्तक उघडलं आणि एकच वाक्य वाचलं. त्यात एक होडी किनाऱ्याला लागली होती, आणि होडीत कोणीच नव्हतं.

पुंडलिक परत बसला.